घराकडे वळलेली सायकल

२०१८ सालच्या जुलै महिन्यात पुण्याची वेदांगी कुलकर्णी ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातून सायकलवर निघाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, १५९ दिवसांनी, ती कोलकात्यात पोहोचली तेव्हा तिच्या चाकांखालून सुमारे २९,००० किलोमीटर रस्ता गेला होता. तेव्हा तिचे वय अवघे वीस वर्षांचे होते. काही दिवशी तिने ३०० किलोमीटरपर्यंत मजल मारली आणि बराचसा रस्ता ती एकटीच होती. या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून आपल्या ओळखीचे एक माप घेऊ. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. वेदांगीची रोजची सरासरी त्याच्या तिप्पट पडते, तीही पाच महिन्यांहून अधिक काळ, ऊन, वारा आणि बर्फ यांतून.

या प्रवासातील कॅनडाचे अस्वल वर्तमानपत्रांनी पुष्कळ रंगवले. मला अधिक विचार करायला लावतो तो युरोपचा टप्पा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा मागे टाकून ती आइसलंडला उतरली. मग पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि पुढे रशिया. स्पेनमध्ये तिला सुरा दाखवून लुटण्यात आले. नकाशा उघडून पाहिल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ती त्या काळात इंग्लंडमधील बोर्नमथ येथे शिकत होती आणि हे गाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. म्हणजे फ्रान्समधून जाताना तिची खोली, तिचे अंथरूण, तिचे मित्रमैत्रिणी एका खाडीपलीकडे होते. तरीही सायकलचे तोंड उत्तरेकडे, येणाऱ्या हिवाळ्याकडेच राहिले. रशियातून विमानाने भारतात आल्यावर अखेरचे सुमारे ४,००० किलोमीटर तिने आपल्या देशात पूर्ण केले.

वाचकहो, ज्येष्ठांसाठी असलेल्या या पानांवर वीस वर्षांच्या मुलीची ही हकीकत कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. आपल्यापैकी अनेकांचा लांबचा प्रवास युरोपात नव्हे, तर विरार लोकलच्या दारात उभे राहून झाला आहे. तीस-पस्तीस वर्षे पहाटेची गाडी आणि रात्रीचा परतीचा लोंढा. आता तो प्रवास संपून आपण घरी आला आहात, आणि जिन्याखाली किंवा गॅलरीत एक जुनी सायकल उभी आहे. ती चालवावी की नाही, कोठवर चालवावी आणि हे कोणी ठरवावे, या प्रश्नावरून घराघरांत जी कुरबूर चालते तिचे पडसाद माझ्यासारख्या डॉक्टरच्या दवाखान्यात रोज उमटतात. मुलगा म्हणतो, “डॉक्टर, तुम्हीच बाबांना सांगा.” बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहतात.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराकडे पाहिले की एक बाब स्पष्ट होते. परतीच्या टप्प्यावरचे शरीर निघालेल्या वेळचे नसते. सुरुवातीच्या दिवसांत शरीर जे मुकाट्याने सोसते त्याचा हिशेब पुढे मागितला जातो. हँडलवर तळहात तासन्‌तास दाबून राहिल्याने मनगटाजवळच्या मज्जातंतूवर भार येतो आणि करंगळी व अनामिका बधिर होऊ लागतात. सीटच्या दाबाने मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो. तहान-भुकेचे गणित चुकते. झोप अपुरी पडते आणि अपुऱ्या झोपेने लक्ष विचलित होते. अशा शरीराला घेऊन जो घरी पोहोचतो तो पायांतल्या बळाइतकाच शहाणपणाच्या हिशेबामुळे पोहोचतो. आज कमी अंतर काटावे, येथे उतरून सायकल हाताने न्यावी, हा उतार ब्रेक दाबतच उतरावा, असे निर्णय त्याला रोज घ्यावे लागतात. वार्धक्यातील सायकलही नेमकी अशीच असते. तारुण्यात जी जमत होती तीच सायकल तशीच पुढे रेटणे हा एक हट्ट. वय झाले म्हणून एका दिवसात ती भंगारात देणे हा दुसरा. पहिला हट्ट बहुधा वडिलांचा असतो आणि दुसरा मुलांचा.

दुसऱ्या हट्टाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याने होणारे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आमच्या फुलपाड्यातले एक गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे. रोज सकाळी सायकलवरून दूध, वर्तमानपत्र आणि पूजेची फुले आणीत. वाटेत दोघाचौघांशी बोलणे होई. एका पावसाळ्यात गटाराच्या झाकणाजवळ चाक घसरले, कोपर खरचटले, गुडघ्याला मुका मार लागला. घरची मंडळी घाबरली. ते समजण्यासारखे आहे. सायकल त्याच आठवड्यात भंगारवाल्याकडे गेली. गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला, परंतु गृहस्थ घराबाहेर पडेनासे झाले. दूध ऑनलाइन येऊ लागले, वर्तमानपत्र दाराशी पडू लागले. तीन-चार महिन्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांचा आधार लागत होता. पडू नये म्हणून सायकल काढली आणि न चालवल्यामुळे पडण्याचा धोका वाढला. फरक इतकाच की आता ते रस्त्यावर नव्हे, न्हाणीघरात पडले असते.

यामागचे कारण स्नायूंत आहे. निरोगी ज्येष्ठ व्यक्तींना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवून अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी जवळजवळ एक किलोने घटले. तरुण माणूस असे गमावलेले बळ लवकर परत मिळवतो, वृद्धाला त्यासाठी पुष्कळ अधिक काळ लागतो. सायकलचे पायडल मारताना मांडीच्या पुढचे आणि कुल्ल्याचे जे मोठे स्नायू काम करतात तेच आपल्याला खुर्चीतून उठवतात, जिना चढवतात आणि तोल जाताना सावरतात. शिवाय सायकलवर शरीराचा भार सीट पेलत असल्यामुळे झिजलेल्या गुडघ्यांना हा व्यायाम धावण्यापेक्षा, कित्येकदा चालण्यापेक्षाही, सुसह्य वाटतो. दोन जिने चढताना कळवळणारे काही रुग्ण सपाट रस्त्यावर अर्धा तास सहज सायकल चालवतात, यात नवल नाही.

परंतु याच सोयीत एक उणीव आहे. भार सीटवर असल्यामुळे हाडांना जो ताण मिळायला हवा तो सायकलने मिळत नाही. वर्षानुवर्षे केवळ सायकलच चालवणाऱ्या शर्यतपटूंच्या मणक्यांची घनता कमी आढळते. म्हणून हाडे ठिसूळ झालेल्या स्त्री-पुरुषांनी सायकलवर विसंबून न राहता चालणे, झेपेल तितके जिने आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम करायलाच हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींसाठी जी शिफारस केली तीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच तोल आणि बळ यांचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितले आहेत. हा दुसरा भाग आपल्याकडे सोयीस्करपणे विसरला जातो.

वयाबरोबर किती टिकवता येते, याचे टोकाचे उदाहरण युरोपातच सापडते. फ्रान्सचे रोबेर मार्शां १९११ साली जन्मले आणि १०९ वर्षांचे होऊन २०२१ साली वारले. १०० व्या वर्षी सायकलच्या धावपट्टीवर एका तासात त्यांनी जे अंतर कापले होते त्याहून अधिक अंतर १०२ व्या वर्षी, २०१४ साली, कापले. ते होते जवळजवळ २७ किलोमीटर. मधल्या काळात शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्यांनी नियमित सराव केला होता आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता त्या वयातही वाढल्याची नोंद झाली. पुढे १०५ व्या वर्षी, २०१७ च्या जानेवारीत, तासाला साडेबावीस किलोमीटर. म्हणजे वेग उतरला, सायकल मात्र चालू राहिली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनीही ५५ ते ७९ वर्षे वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी केली. त्यांच्या स्नायूंत आणि रोगप्रतिकारशक्तीत वयानुसार अपेक्षित अशी घसरण बरीच कमी आढळली. येथे एक सावधगिरीची सूचना करतो. ही मुळातच निरोगी आणि आयुष्यभर सराव असलेली माणसे होती. त्यांची कथा वाचून उद्याच मुलाची गिअरची सायकल घेऊन अर्नाळ्याला निघू नये.

मग कोणी चालवावी? माझ्यासमोर सत्तरीचा माणूस हा प्रश्न घेऊन बसतो तेव्हा मी वय शेवटी विचारतो. प्रथम त्याला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतो. मग एका पायावर उभे राहायला, अर्थात टेबलाशेजारी. मान दोन्ही बाजूंना कितपत वळते ते पाहतो. मणक्याच्या विकाराने मान आखडलेली असेल तर मागून येणारी रिक्षा त्याला दिसणारच नाही, आणि मागे वळून पाहण्याच्या प्रयत्नात हँडल वळेल. अशांना हँडलवर आरसा लावण्याची सूचना करतो. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्याने डोळे दिपतात, म्हणून शस्त्रक्रिया होईपर्यंत संधिप्रकाशात आणि रात्री सायकल बंद. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र घालूनच बाहेर पडावे. ते कपाटात ठेवण्यासाठी घेतलेले नसते.

त्यानंतर गोळ्यांची पिशवी. हा भाग कृपया काळजी घेणाऱ्यांनी दोनदा वाचावा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर सायकल चालवताना उतरू शकते. ती घरी आल्यावर काही तासांनीही उतरते, हे अनेकांना ठाऊक नसते. सकाळी फेरी मारली, जेवण झाले, दुपारी झोप लागली आणि घामाघूम होऊन जाग आली, तर आधी साखर तपासावी. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच पायडल मारल्यास ते नेहमीपेक्षा वेगाने रक्तात जाते. त्या दिवशी जागा पोटावरची निवडावी. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर हवी, बिस्किटे नव्हेत. बिस्किटाचे पीठ आणि तूप साखर चढायला वेळ लावतात.

मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल अशा गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकडा पाहून “अजून श्रम झालेच नाहीत” असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. अशांसाठी बोलण्याची कसोटी बरी. पायडल मारताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. याच गोळ्या साखर उतरल्याची धडधड आणि थरथरही लपवतात, म्हणून मधुमेह आणि या गोळ्या दोन्ही असतील तर अधिक सावध राहावे. अर्थात या कारणाने कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा रक्तदाबासाठी प्राझोसिन घेणाऱ्यांना उतरताना भोवळ येऊ शकते. पायडल मारत असताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. आपण एकदम थांबून उभे राहिलो की ते रक्त पायांत साचते. म्हणून शेवटची पाच मिनिटे अगदी सावकाश चालवावी, थांबल्यावर एक पाय जमिनीवर टेकून दोन-तीन श्वास घ्यावे आणि मगच उतरावे. वेदांगीसारख्या प्रवाशाला युरोप ओलांडताना जे भान शेवटच्या किलोमीटरपर्यंत ठेवावे लागते तेच आपल्याला इमारतीच्या फाटकापाशी ठेवावे लागते. घर दिसले की मन सैल होते, हात ब्रेकवरून सुटतो. नेदरलँड्समध्ये, जेथे सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसे बाजाराला सायकलने जातात, तेथेही ज्येष्ठांचे बरेच अपघात कोणत्याही वाहनाची धडक न होता, केवळ चढता-उतरताना घडतात. बॅटरीवर चालणारी सायकल घेतली की वजन आणि वेग दोन्ही वाढतात आणि ही अडचणही वाढते. मुलांनी वाढदिवसाला अशी सायकल भेट देण्यापूर्वी वडिलांना ती स्टँडवर लावता येते का, हे आधी पाहावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी स्वतंत्रपणे. अशी गोळी चालू असेल तर हेल्मेटशिवाय सायकलला हात लावू नये, हे मी आग्रहाने सांगतो. डोक्याला लहानसा मार लागून वरवर काहीही न दिसता मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकते. त्याची लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. डोकेदुखी, पेंग, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ. “वयामुळे विसरायला लागले” असे घरचे म्हणतात आणि पडल्याची आठवण कोणालाच राहात नाही. म्हणून पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि अशी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

छातीत आवळल्यासारखे वाटणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणे, नेहमीच्या चढावर नवीनच धाप लागणे, यांपैकी काही झाल्यास सायकल तेथेच टेकवून बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सायकल कोण घरी नेईल, याची चिंता नंतर.

एक लक्षण असे आहे की ते डॉक्टरपेक्षा घरच्यांनाच आधी कळते. रोज जाणारा माणूस रोजच्याच नाक्यावर थांबून फोन करतो आणि विचारतो, “येथून घरी कसे यायचे?” किंवा विचारत नाही, पण अर्ध्या तासाच्या फेरीला दीड तास लागू लागतो. परतीची वाट हरवणे ही वृद्धापकाळाची गंमत नव्हे. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, औषधांचा परिणाम, मेंदूतील लहान झटका आणि स्मृतिभ्रंश, या साऱ्यांचा शोध घ्यावा लागतो आणि यांतील काही कारणे उपचाराने सुधारतात. अशा वेळी रस्त्यावरची एकट्याची सायकल थांबवावीच लागते. मात्र ती कशी थांबवतो याला महत्त्व आहे. किल्ली लपवणे, चाकातली हवा काढून ठेवणे, “दुरुस्तीला दिली आहे” असे खोटे सांगणे हे सर्व उपाय मी पाहिले आहेत. ते करणाऱ्यांना दोष देत नाही, थकलेली माणसे असे करतात. तरी शक्य असेल तेथे आधी एकट्याऐवजी सोबतीने, मग बागेतल्या बंद वाटेवर आणि शेवटी घरातल्या उभ्या सायकलवर, अशा पायऱ्यांनी जावे. एक-दोन महिने लागले तरी चालतील.

उभ्या सायकलची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. कंपवाताच्या रुग्णांत एक विलक्षण प्रकार दिसतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन ज्याला दोन पावले टाकणे अवघड जाते असा माणूस कधीकधी सायकल मात्र लीलया चालवतो. नेदरलँड्समधील बास्टियान ब्लूम या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा एका रुग्णाची हकीकत २०१० साली प्रसिद्ध केली आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष तिकडे गेले. पायडलची लय पायांना आधार देते, असे दिसते. रस्त्यावर हे करणे धोक्याचे, परंतु घरातल्या स्थिर सायकलवर, कोणीतरी शेजारी असताना, अशा रुग्णांना वीस मिनिटांचा व्यायाम घडू शकतो. ज्या आजींनी आयुष्यात कधी सायकलला हात लावला नाही त्यांच्यासाठी खुर्चीत बसून फिरवायचे छोटे पायडल मिळते. आमच्या भागातल्या एक आजी ते रोज संध्याकाळी मालिका पाहताना फिरवतात. जाहिरात आली की थांबतात. मी म्हटले, उलटे करा, पण त्यांना मालिकेतल्या सुनेचा राग आला की पाय जोरात फिरतात म्हणे. चालू द्यावे.

आता सायकलविषयी थोडे. जुनी दांडीची सायकल सत्तरीत नको. टांग टाकताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते ते बहुधा अशाच बाजूला पडण्याने. बिनदांडीची, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो, ती पुरुषांनीही घ्यावी. यात कमीपणा कसला? गुडघ्याच्या दृष्टीने सीट इतकी उंच हवी की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. तोलाच्या दृष्टीने ती इतकी खाली हवी की थांबताच पाय जमिनीला पोहोचेल. या दोन्ही अटी पूर्णपणे जुळत नाहीत. वृद्धांच्या बाबतीत मी दुसरीला झुकते माप देतो आणि गुडघ्याची थोडी कुरकुर चालवून घेतो. धोतर, लेंगा किंवा ओढणी चेनमध्ये जाणार नाही असे झाकण चेनला असावे.

फुलपाड्याचे म्हणाल तर सपाट रस्ता आणि मोकळी हवा या दोहोंची गाठ येथे कठीण. सकाळी फिरायला पापडखिंड धरणाच्या बाजूला जाणारी मंडळी आपण पाहतच असाल. त्यांच्याच वेळेला, रिक्षांची आणि शाळेच्या गाड्यांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, सायकल काढावी. स्टेशनकडचा रस्ता टाळावा. जुलै-ऑगस्टमध्ये खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, तेव्हा त्या दोन महिन्यांत सायकल घरातच बरी आणि व्यायाम जिन्यावर किंवा खुर्चीत. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. त्यात वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. तहान लागो न लागो, निघण्यापूर्वी पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर तिचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

लांबच्या प्रवासातून मधूनच परतणे हा पराभव वाटून अनेकांना सायकल सोडवत नाही, म्हणून मुंबईचीच एक जुनी गोष्ट सांगतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रवासाला निघाले. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा त्यांचा मार्ग होता. वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी तिघे गळाले. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतलेले तिघे म्हणजे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा. चार वर्षे पाच महिने आणि सुमारे ७१,००० किलोमीटर. लोक या तिघांची नावे घेतात. डॉक्टर म्हणून मला उरलेल्या तिघांविषयीही तितकाच आदर वाटतो. आता पुढे जाऊ नये, हे परक्या मुलुखात, सोबत्यांसमोर सांगायला छाती लागते.

फुलपाड्याच्या त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. भंगारात गेलेली सायकल काही परत आली नाही. तीन महिने खुर्चीतून उठण्याचा व्यायाम, मग उभी सायकल, आधी पाच मिनिटे, मग बारा. त्यानंतर एक बिनदांडीची, जुनी पण चांगल्या ब्रेकची सायकल नातवाच्या मित्राकडून मिळाली. अटी लेखी ठरल्या आणि त्या सुनेने फ्रिजवर चिकटवल्या आहेत. पावसात नाही, अंधारात नाही, हेल्मेट घालून, मोबाइल आणि औषधांची यादी खिशात, दर सहा महिन्यांनी डोळे आणि तोल तपासून. चढ आला की उतरून चालायचे. शेवटची अट त्यांनी स्वतः घातली. ज्या दिवशी एका पायावर दहा सेकंद उभे राहता येणार नाही त्या दिवशी सायकल ते स्वतःच्या हाताने नातवाला देणार आहेत, भंगारवाल्याला नव्हे. मागील तपासणीत डाव्या पायावर चौदा सेकंद झाले, उजव्या पायावर अकरा.